पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर व त्यांचे गुरुजन

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागी, गोदावरीच्या काठी, पुणतांबे नावाचे गाव आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते भाविकांस ठाऊक आहे, आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक म्हणून उतारूंस. याच गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. सी. रामचंद्र या नावाने ते पुढे साऱ्या देशास माहीत झाले. त्यांच्या कित्येक चाली विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांस आजही मुखोद्गत असतील. आम्ही मात्र येथे त्यांच्या गाण्यांपेक्षा त्यांच्या शिकण्याविषयी लिहिणार आहोत. कारण ते कोणाकोणापाशी शिकले हे पाहू गेल्यास या चरित्राचा खरा रस हाती लागतो.

त्यांचे आरंभीचे शिक्षण रीतीप्रमाणेच झाले. नागपूर येथे शंकरराव सप्रे यांजपाशी, आणि पुणे येथे गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांजपाशी त्यांनी गायनाचे धडे घेतले. विनायकबुवा हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांच्या हाताखाली रागदारीचा पाया पक्का झाल्यावाचून सुटका नसे. पुढे तरुण रामचंद्रांस चित्रपटाची ओढ लागली. ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांस नायकाची भूमिकाही मिळाली, परंतु नट म्हणून त्यांचा जम बसला नाही. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामे करीत असता ते गायकवादकांच्या साथीस पेटी वाजवू लागले. त्या पेटीने त्यांस पुन्हा संगीताकडे आणले, हे बरेच झाले असे आम्हांस वाटते.

याच सुमारास मुंबईत एक निराळीच पाठशाळा भरत होती. तिला ना फळा होता, ना हजेरीपट. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. हे गृहस्थ शिकागो येथे लुई आर्मस्ट्राँग यांच्यासमवेत वाजवून नंतर शांघायमार्गे आशिया खंडभर हिंडलेले. ते मायदेशी कायमचे परतलेच नाहीत, आणि १९४५ साली कलकत्त्यास पटकीच्या विकाराने वारले. या मंडळींचे संगीत म्हणजे जॅझ. त्यात ठेका अपेक्षित जागी न पडता किंचित आगेमागे पडतो, आणि वादक ठरलेल्या चालीवर आयत्या वेळी स्वतःचे स्वर रचीत जातो. आपल्या गवयांच्या उपजेशी परिचय असलेल्यास ही दुसरी गोष्ट परकी वाटू नये.

या पाहुण्यांचे खरे विद्यार्थी ठरले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचणे व व्हायोलिन वाजविणे लहानपणीच शिकवीत. पोटासाठी मुंबईस आलेली ही मुले हॉटेलांतील अमेरिकन वादकांचे ऐकून, आणि पुढे कित्येक तर त्यांच्या ताफ्यांत बसून, जॅझ शिकली. हळदोणे गावचे आंतोनियो शावियेर वाझ हे त्यांपैकी नामांकित ट्रम्पेटवादक. लोक त्यांस चिक चॉकलेट म्हणत, आणि हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग असा त्यांचा लौकिक होता.

हे वाझ रामचंद्रांचे साहाय्यक झाले. दोघांचे काम कसे चाले ते समजून घेण्याजोगे आहे. आपले संगीत एकेरी सुरावटीचे. एका वेळी अनेक स्वर मिळवून त्यांचा मेळ साधणे, ज्यास हार्मनी म्हणतात, ते विनायकबुवांच्या वर्गात शिकवीत नसत. (प्रार्थनेच्या वेळी चार आवाजांत गाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस त्याची थोडीबहुत कल्पना आहे.) रामचंद्रांनी पेटीवर चाल म्हणावी, साहाय्यकाने ती पाच रेघांच्या स्वरलिपीत उतरवून ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांचे निरनिराळे भाग लिहून काढावेत, आणि ते कागद पुढे ठेवून वादकांनी वाजवावे. रामचंद्र संगीत-दिग्दर्शक, म्हणजे त्या खोलीतील मुख्य. तरी त्या कागदांपुढे ते विद्यार्थीच होते. आपल्या हाताखालच्या माणसापाशी शिकणे पुष्कळांस जड जाते. त्यांस ते गेले नाही.

मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) पासून हिंदी चित्रपटांत त्यांचे नाव होऊ लागले. ‘शहनाई’ (१९४७) व ‘पतंगा’ (१९४९) यांतील नव्या ढंगाच्या गाण्यांनी लोकांस वेड लावले, आणि ‘अलबेला’ने (१९५१) तर कळस केला. पुढे ‘आशा’ (१९५७) साठी निरर्थक शब्दांचे एक गाणे रचावयाचे होते. खोलीबाहेर मुले खेळात काही बडबडत होती, ती त्यांनी उचलली, आणि जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकाने तीत आपल्या कोंकणीतील ‘माका नाका’, म्हणजे मला नको, हे शब्द घातले, असे सांगतात. देशातील कोट्यवधी लोक ते गाताना नकळत कोंकणी बोलले!

या प्रकारावर टीकाही झाली. परदेशी ठेक्यांनी आपले संगीत बिघडते असे मानणारे विद्वान थोडे नव्हते. १९५२ साली नभोवाणीखाते बाळकृष्ण केसकर या संगीतज्ञ मराठी मंत्र्यांकडे आले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते सिलोनचे केंद्र लावू लागले. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा खरी होती हे आम्ही मान्य करतो. तथापि नभोवाणीने पेटीलाही विलायती म्हणून १९४० पासून सुमारे तीस वर्षे दाराबाहेर ठेवले होते, आणि त्या काळात घरोघरी, देवळांत व चर्चमध्ये पेटी वाजतच होती. शिवाय ज्या रामचंद्रांवर हा आक्षेप, त्यांनीच १९५३ साली ‘अनारकली’च्या चाली केल्या, त्या ऐकून पटवर्धनबुवांचा शिष्य कोठे हरवला असे कोणी म्हणू शकले नसते. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीस लता मंगेशकरांनी हुतात्म्यांचे जे गीत पंतप्रधान नेहरूंसमोर गायिले, त्याची चालही त्यांचीच.

आम्हांस खुपते ते निराळेच आहे. ज्या गोमंतकीय वादकांनी त्या काळची गाणी लिहून, सजवून, वाजवून दिली, त्यांपैकी बहुतेकांची नावे चित्रपटांच्या आरंभीच्या पाट्यांवर येत नसत. मेहनताना मिळे, नाव मिळत नसे. वाझ १९६७ साली वारले. रामचंद्रांनी १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले, व ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ‘अलबेला’ पाहण्याचा योग आल्यास नर्तकांच्या पाठीमागील वाद्यवृंदाकडे अवश्य लक्ष द्यावे. तेथे वाझ आपल्या साथीदारांसह पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. हातात ट्रम्पेट आहे ते तेच.