सर्गेई विनोग्राडस्की

पोलादपूर तालुक्यातील कशेडीच्या डोंगरउतारावर शेतकरी नाचणीच्या शेतात शेणखत घालतो. ते कुजून अमोनिया निर्माण होतो व मातीत त्याचे नायट्रेट बनते. पिके ते मुळांवाटे शोषून घेतात. हे काम करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राडस्की यांनी प्रथम वेगळे करून दाखविले.

विनोग्राडस्की यांचा जन्म १८५६ साली कीव्ह येथे झाला. प्रथम त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभिला व सोडला. मग ते पियानो शिकू लागले. तेथेही मन रमेना. अखेर ते वनस्पतिशास्त्राकडे वळले.

जमिनीत नायट्रेट जीवाणूंमुळे बनते, हे श्लेसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखविले होते. परंतु ते जीवाणू कोणाच्या हाती लागत नव्हते. संशोधक त्यांना जिलेटिनसारखे पौष्टिक खाद्य देत आणि त्या मेजवानीवर भलतेच जीवाणू माजत! झुरिक येथे विनोग्राडस्की यांनी हा पाहुणचारच बंद केला. पाण्यात अमोनियाचा क्षार व इतर थोडी खनिजे, एवढेच त्यांनी ठेवले. आगंतुकांची उपासमार झाली. हवे होते ते जीवाणू मात्र वाढले. १८९० साली हे यश आले. या जीवाणूंचे दोन वर्ग आहेत, असेही त्यांना आढळले. एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, तर दुसरा नायट्राइटचे नायट्रेट.

समुद्रातील मासे घरी पाळू इच्छिणाऱ्यास हे ज्ञान फार मोलाचे आहे. खाऱ्या पाण्याच्या नव्या काचपेटीत घाईने मासे सोडले, तर पाणी स्वच्छ दिसत असूनही ते मरतात. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो, आणि नव्या पेटीत तो पचविणारे जीवाणू पुरेसे नसतात. म्हणून जाणकार जुन्या पेटीतील मूठभर वाळू नव्या पेटीत टाकतात, थोडा अमोनिया घालतात आणि काही आठवडे थांबतात. प्रथम अमोनिया वाढून उतरतो, मागाहून नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले व नायट्रेट दिसू लागले, म्हणजे एकदोन मासे सोडावयास हरकत नाही. उरलेले नायट्रेट अधूनमधून थोडे पाणी बदलून कमी करतात.

रशियन राज्यक्रांतीनंतर विनोग्राडस्की यांना मायदेश सोडावा लागला. १९२२ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेने त्यांना बोलाविले. ज्या वयात इतर लोक विश्रांती घेतात, त्या वयात त्यांनी मातीतील जीवाणूंचा अभ्यास नव्याने सुरू केला. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा ते हयात होते. १९५३ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे २००५ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल मत्स्यालयाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून अमोनियाचे नायट्राइट करणारा आणखी एक सूक्ष्म जीव शास्त्रज्ञांनी वेगळा केला. तो जीवाणूंच्या कुळातील नव्हता; आर्किया नावाच्या निराळ्याच कुळातील होता.