देवळालीचे कापरेकर मास्तर

समुद्रपूरच्या आपल्या स्मरणिकेत शाळेतल्याच एका गणितशिक्षकाविषयी लिहावं असं वाटलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, त्यामुळे त्यांचे आकड्यांचे शोध अनेक गणितज्ञांना पोरखेळ वाटत. मास्तर मात्र पदरमोड करून अधिवेशनांना जात.

१४२८५७ ही संख्या घ्या. अंकांची बेरीज २७, आणि २७ ने तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्येला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटलं. आता तिचा वर्ग करा : २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा, पुन्हा १४२८५७! ही झाली कापरेकर संख्या. (सॉफ्टवेअरवाली असूनही मी हे कागदावरच केलं. मजा त्यातच आहे.) आणखी एका गटाला त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, कारण कल्पना सुचली डोंबिवली स्टेशनवर.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. पेन्शन पुरत नसे, म्हणून निवृत्तीनंतरही त्यांनी शिकवण्या घेतल्या. १९८६ मध्ये ते गेले.