सेवाव्रती साने गुरुजी

ज्ञातीच्या वार्षिक अंकात ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे यावीत, हे स्वाभाविकच आहे. यंदा मात्र आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो की, ज्यांस कोणत्याही एका ज्ञातीचे म्हणता येणार नाही. कै. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच अवघ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी, हे जन्माने खानदेशचेही नव्हते. तरीही खानदेशाने त्यांस आपले मानले. हे आप्तपण त्यांनी कशाच्या बळावर मिळविले, याचा विचार ज्ञातिबंधुभगिनींनी करावा, एवढ्यासाठीच हा अल्प प्रयत्न.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळील पालगड या गावी झाला. औंध, पुणे अशा ठिकाणी हलाखीत शिक्षण करून तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तेथीलच शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली.

शाळेच्या छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला, आणि येथेच त्यांच्या सेवावृत्तीस पहिला बहर आला. मुलांना शिस्त लावावी म्हणून त्यांनी छडी हाती घेतली नाही; केरसुणी घेतली. विस्कटलेली अंथरुणे आवरावी, कंदिलाच्या काचा पुसून ठेवाव्या, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढावी, असा त्यांचा क्रम होता. गुरुजींनी आपले सामान आवरले हे पाहून मुले ओशाळत, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता स्वतः आवरू लागत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक ते स्वहस्ते लिहून काढीत. सेवा ही व्याख्यानाने शिकविता येत नाही, ती करून दाखवावी लागते, हे मर्म त्यांस तेव्हाच उमगले होते.

१९३० साली नोकरीचा त्याग करून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ साली धुळे येथील तुरुंगात विनोबाजींनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती अठराही प्रवचने गुरुजींनी भराभर उतरून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज घरोघर आहे. दुसऱ्याची वाणी जतन करण्यासाठी आपली लेखणी झिजविणे हीही सेवाच होय. त्यांचे स्वतःचे 'श्यामची आई' हे पुस्तक पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले.

डिसेंबर १९३६ मधील फैजपूरचे अधिवेशन हे खानदेशाच्या सार्वजनिक जीवनातील सोनेरी पान आहे. राष्ट्रसभा प्रथमच एका खेड्यात भरणार होती. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. शहरातील सोयी नाहीत, आणि लोक तर लोटणार. अशा वेळी जे उभे राहिले ते गावोगावच्या सामान्य माणसांच्या श्रमावर उभे राहिले. गुरुजी पूर्व खानदेशातील खेडी हिंडले, शेतकऱ्यांत मिसळले, तरुणांना स्वयंसेवक म्हणून हाक दिली. आणि मंडप सजला तेव्हा व्यासपीठाजवळची जागा न धरता त्यांनी ग्रामसफाईचे व मैला वाहण्याचे काम पत्करले. जे काम समाजाने विशिष्ट जातींच्या माथी मारले होते, ते एका पदवीधर शिक्षकाने आनंदाने डोक्यावर घेतले. आमच्या मते त्या अधिवेशनातील ठरावांहून ही गोष्ट काही कमी मोलाची नव्हती.

१९३८ साली अतिवृष्टीने पूर्व खानदेशातील पिके बुडाली, तेव्हा शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून शेतकऱ्यांना संघटित करण्यात ते अग्रभागी होते. अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या सुखदुःखातही ते असेच समरस झाले. पुढे पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. १९४८ साली त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी या हळव्या पुरुषाने आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली, ही महाराष्ट्राच्या मनातील न भरणारी जखम आहे.

आता आपल्याविषयी दोन शब्द. ज्ञातिसंस्था आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या देतात, वधूवर मेळावे भरवितात, अडल्यानडल्यास हात देतात. हे सर्व इष्टच आहे. परंतु आपल्या आवाराबाहेरची गटारे तुंबली असता, शेजारच्या आळीतील मूल शाळेबाहेर राहिले असता, ग्रामसभेत चार डोकी जमत नसता, ती कामे आपली नव्हेत असे आपण मानू, तर गुरुजींचे नाव घेण्याचा आपणांस अधिकार उरणार नाही. घरातील मुलास हात धुऊन जेवावयास शिकविणे जसे आवश्यक, तसेच आळीसाठी हात मळवावयास शिकविणेही आवश्यक आहे. ज्ञाती ही सेवेचा उंबरठा असावी, कुंपण नसावी.

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रत्येक सभासद कुटुंबाने आठवड्यातून दोन तास तरी गावाच्या कामी द्यावेत. वाचनालयाची पुस्तके लावणे, रुग्णालयात एकाकी रुग्णाजवळ बसणे, पावसाळ्यापूर्वी झाडे लावण्याची तयारी करणे, काम कोणतेही असो. मात्र ते ज्याच्यासाठी करावयाचे त्याची जात विचारू नये. कोकणातून आलेला एक निर्धन शिक्षक खानदेशचा झाला तो याच वाटेने. या भूमीत पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या आपणांस ती वाट अवघड वाटू नये.