टेलिफोनचे गणित मांडणारे शाळामास्तर : आग्नर क्रारूप अर्लांग

आमच्या लहानपणी तालुक्याच्या पोस्टात ट्रंक कॉल लावून लोक तासन् तास ताटकळत बसत. ही ताटकळ गणिताने आधीच वर्तविता येते, हे ज्या गृहस्थांनी जगास दाखविले ते मूळचे आमच्याच पेशातले, म्हणजे शाळामास्तर होते, हे आम्हांस निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. तेव्हापासून त्यांचे चरित्र आपल्या मुलामुलींपुढे ठेवावे असे मनात होते.

आग्नर क्रारूप अर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्क देशात, जटलंड प्रांतातील लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेचे मास्तर. थोरला भाऊ पुस्तक वाचीत बसला की धाकटा आग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाची, असे सांगतात. चौदाव्या वर्षी, वय कमी म्हणून खास परवानगी काढून, ते कोपनहेगन येथे परीक्षेस बसले व विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झाले. परंतु पुढील शिक्षणास घरी पैसा नव्हता. दोन वर्षे त्यांनी वडिलांच्याच शाळेत मदतनीस म्हणून काढली. अखेर एका दूरच्या नातलगाने राहण्याजेवण्याची सोय केली. अशा नातलगांचे मोल आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. १८९६ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली, १९०१ मध्ये पदवी हाती आली आणि नंतरची सुमारे सात वर्षे निरनिराळ्या शाळांत अध्यापनात गेली.

गणितज्ञांच्या मंडळाच्या सभांस ते नियमाने जात. तेथे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंते योहान येन्सन यांच्याशी परिचय झाला. येन्सन स्वतः उत्तम गणिती. त्यांनी हा हिरा पारखला, आणि १९०८ मध्ये अर्लांग कंपनीच्या सेवेत रुजू झाले.

त्यांच्यापुढील प्रश्न वरकरणी सोपा होता : तारा किती टाकाव्यात? थोड्या टाकल्या तर ग्राहक खोळंबतो, फार टाकल्या तर पैसा जमिनीत पुरला जातो. कोण केव्हा फोन करील हे तर कोणीच सांगू शकत नाही. अर्लांग यांनी १९०९ च्या निबंधात दाखविले की, एकेकाची लहर अनिश्चित असली तरी पुष्कळांच्या लहरी मिळून ठरावीक नियमाने वागतात. १९१७ च्या निबंधात त्यांनी प्रत्यक्ष सूत्रे दिली.

समजा, तासाला सरासरी वीस संभाषणे होऊ पाहतात व प्रत्येक सरासरी तीन मिनिटांचे आहे. वीस त्रिक साठ. तेव्हा एक तार पुरावी असा हिशेब आम्हीही केला असता. परंतु माणसे रांग धरून फोन करीत नाहीत. तार न मिळालेला मनुष्य परत जातो असे धरले, तर अर्लांग यांच्या सूत्राप्रमाणे एका तारेवर निम्मी संभाषणे बुडतात. दोन तारा असल्यास पाचांतून एक, तीन असल्यास सोळांतून एक, आणि चार असल्यास पासष्टांतून एकच बुडते. मुलांनी हे कागदावर अवश्य पडताळावे. ब्रिटिश टपाल खात्यानेही पुढे त्यांचे सूत्र स्वीकारले.

हे सारे त्यांनी टेबलाशी बसूनच केले असे मात्र नाही. आरंभी हाताखाली कोणी नव्हते. तेव्हा शिडी घेतलेला एक कामगार बरोबर घेऊन ते शहराच्या रस्त्यांवरील भुयारांत स्वतः उतरत व तारांतील विद्युत्प्रवाह मोजीत.

ते अविवाहित राहिले. बोलणे थोडे, पुस्तकांचा संग्रह मोठा. गरजू माणसे त्यांच्या कामाच्या जागीच येत आणि अर्लांग कोणाच्या नजरेस न येईल अशा रीतीने त्यांच्या हाती पैसे देत. सुमारे वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची एकही रजा त्यांनी घेतली नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते प्रथमच रुग्णालयात गेले आणि ३ फेब्रुवारी रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, निधन पावले. १९४६ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीचे आंतरराष्ट्रीय एकक ठरले. त्यास अर्लांग हेच नाव देण्यात आले. वर सांगितलेली तासाची वीस संभाषणे म्हणजे बरोबर एक अर्लांग.