पडद्याआडच्या बायकांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असते. यंदा ते काम अध्यक्षाबाईंनी माझ्यावर सोपवले. मी सातवी शिकलेली. स्वयंपाकघर सोडून लेखणी धरायची म्हणजे हात कापतो. पण हे चरित्र मी हौसेने मागून घेतले. त्याचे कारण शेवटी सांगेन.

मागल्या वर्षी आपल्या मंडळात कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली त्यांच्या सरांबरोबर आली होती, ते आपणांस आठवत असेल. सतरंजीवर बसून त्यांनी आपली गाऱ्हाणी ऐकली, अर्ज लिहून दिले. मला वाटले होते की मुले आपल्याला शिकवायला आली आहेत. सरांनी सांगितले की शिकायला तीच आली आहेत. डॉक्टर होणाऱ्या मुलाला जसे दवाखान्यात रोग्याजवळ उभे करतात, तसे वकील होणाऱ्याला अडलेल्या माणसाजवळ बसवावे लागते. आता हे त्यांच्या अभ्यासातच आहे. 1997 पासून बार कौन्सिलने वकिलीच्या शिक्षणात असे प्रत्यक्ष काम सक्तीचे केले आहे. त्यांतल्याच एका मुलीने मला कॉर्नेलियाबाईंची माहिती आणून दिली.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी आपल्या नाशकात झाला. वडील सोराबजी करसेटजी हे पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात शाळा चालवल्या. घरात लेकरे पुष्कळ, पण मुलगी म्हणून कुणाला मागे ठेवले नाही. बाईंचे लहानपण बेळगाव आणि पुणे येथे गेले.

पुण्यास असताना त्यांच्या आईकडे काठेवाडाकडची एक श्रीमंत विधवा आली. ती पडद्यात राहणारी. तिची सगळी मिळकत कारभाऱ्याच्या हाती होती, आणि त्यानेच तिला बुडवले होते. परपुरुष वकिलापुढे तिला जाता येत नव्हते आणि बाई वकील तर देशात एकही नव्हती. धन असून ती निर्धन झाली. छोट्या कॉर्नेलियाने हे पाहिले आणि अशा बायकांसाठी कायदा शिकायचा, असे मनात धरले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षेत इतक्या वर आल्या की विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. पण ती बाईमाणसाला देता येत नाही असे ठरले. रडत न बसता त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवू लागल्या, आणि तेही पुरुष विद्यार्थ्यांना. पुढे विलायतेतल्या काही मंडळींनी वर्गणी काढून पैसे जमवले. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईही होत्या. 1889 साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोचल्या.

1892 साली त्या तिथल्या कायद्याच्या परीक्षेला बसल्या. त्या परीक्षेला बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही, कारण बायकांना पदवी देण्याची तिथे रीतच नव्हती. ती पदवी हाती पडली 1922 साली. तीस वर्षे! आपल्या घरात मुलीचा निकाल तीस दिवस लांबला तरी आपला जीव वरखाली होतो.

परीक्षा झाल्यावर त्या लगेच परत आल्या नाहीत. लंडनला सॉलिसिटरांच्या कचेरीत राहून त्यांनी प्रत्यक्ष काम पाहिले. पुस्तकातला कायदा आणि टेबलावरचा कागद यांत किती अंतर असते, ते त्यांना तिथे कळले असेल. मला हा भाग फार आवडला. आपण मुलीला पोळीची कृती तोंडी सांगून चालत नाही, तव्यापुढे बसवावेच लागते.

परत आल्यावर त्यांनी पडद्यातल्या बायकांची कामे हाती घेतली. सनद नव्हती, पण 1896 साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्या आरोपीच्या बाजूने उभ्या राहिल्या. 1897 साली मुंबईची एलएल. बी. झाल्या. 1899 साली अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद नाही. एकामागून एक परीक्षा द्यायची आणि दार बंदच, असे चालले होते.

मग त्यांनी सरकारकडे सारखा आग्रह धरला, की पडद्यातल्या बायकांच्या मिळकती जिथे सरकारच्या देखरेखीखाली आहेत तिथे एक बाई सल्लागार नेमा. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्डसने त्यांना नेमले. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख! आगगाडीने, होडीने, पालखीने त्या फिरल्या. जनानखान्यात जाऊन विधवांजवळ बसल्या. कुणाच्या पोरक्या मुलाचे शिक्षण, कुणाची थकलेली पोटगी, कुणाच्या जिवाला घरच्यांकडूनच धोका. सुमारे वीस वर्षांत सहाशेच्या वर बायका आणि पोरकी मुले यांचे काम त्यांनी पाहिले. 1909 साली त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

सनदेचे दार 1921 साली अलाहाबादला उघडले. 1923 साली बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला आणि 1924 साली त्यांनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्नाच्या घरात होते. 1929 साली निवृत्त होऊन त्या लंडनला राहिल्या. 6 जुलै 1954 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. 2012 साली लंडनच्या लिंकन्स इनमध्ये, म्हणजे वकिलांच्या नामांकित संस्थेत, त्यांचा अर्धपुतळा बसवला.

चरित्र लिहायचे तर उणेही लिहावे. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना पटली नाही. आपल्या मराठवाड्याने स्वातंत्र्यासाठी 1948 पर्यंत निजामाशी झुंज दिली, त्यामुळे हे वाचून माझे मन खट्टू झाले. पण त्या बायकांच्या उंबरठ्याच्या आत जाऊन बसल्या, हेही तितकेच खरे.

आता माझे कारण. माझे माहेर नांदेडकडचे. दादा, म्हणजे माझे वडील, वारल्यावर सहा महिन्यांनी भावाने मला बोलावले. कचेरीत एक कागद पुढे आला. वारसाची नोंद करायची आहे, एवढेच कळले. मला वाचता येते. तरी मी वाचला नाही, कारण भावापुढे कागद वाचणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असे मला वाटले. सही केली. ते हक्कसोडपत्र होते. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. हे मी घरीसुद्धा धडपणे बोलले नव्हते.

त्या मुलीला मी ते सांगितले. तिने आधी तारीख, गट नंबर विचारले. मी मात्र दादांच्या आजारपणापासून सुरुवात केली. थोड्या वेळाने तिने वही मिटली आणि ऐकत राहिली. मग तिने समजावले, की पडद्यातल्या किंवा निरक्षर बाईची सही असेल तर तिला कागद वाचून, समजावून सांगितला होता, हे फायदा घेणाऱ्याने सिद्ध करायचे असते. माझे तसे नव्हते. मला वाचता येत होते. कागद रद्द करून घ्यायचा तर फसगत कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मला ते केव्हाच कळले होते, मीच गप्प राहिले. तिने खोटी आशा दाखवली नाही. जाताना तिचे डोळे भरले होते. त्या दिवशी ती काहीतरी शिकली आणि मीही.

भावाशी माझे बोलणे आहे. दिवाळीला तो येतो, मी ओवाळते. पण ती काठेवाडची बाई भिंतीच्या पडद्याआड होती, आणि मी भिडेच्या. एवढाच काय तो फरक.

म्हणून भगिनींनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कागद कुणाचाही असो, वाचल्याशिवाय सही करू नका. 1956 च्या कायद्याने वडिलांच्या मिळकतीत लेकीला वाटा दिला, आणि 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची झाली. आणि बाईला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. लातूर असो की नांदेड, जिल्हा न्यायालयाच्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा.

ती मुले पुन्हा आली तर त्यांना चहा द्या, आणि आपली गोष्ट पहिल्यापासून सांगा. कॉर्नेलियाबाईंना सनदेसाठी पंचवीस वर्षांवर थांबावे लागले. आपल्या दारी तर वकील होणारी लेकरे पायी चालत येतात. चुकले असेल ते पदरात घ्यावे.