हिवतापाचा माग काढणारा डॉक्टर : सर रोनाल्ड रॉस



घरात कोणाला हुडहुडी भरून ताप आला की आरोग्य सेवक येतो, बोटाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतो आणि ती काच तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवितो. हल्ली आशाताईंजवळ तपासणीची तयार पट्टीही असते; ती थोड्याच वेळात उत्तर देते. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्या थेंबात नेमके काय शोधतात, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. हिवताप कशापासून होतो, असे वर्गात विचारले तर सगळे हात वर होतात : डासापासून. पण हे माणसाला कळले कसे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. त्या ‘कसे’ची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

ही हकीकत फार दूरची नाही. आपला परभणी जिल्हा पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील सिकंदराबादेत ती 1897 साली घडली. चुडाव्याच्या स्टेशनवरून नांदेडकडे जाणारी रेल्वे पुढे सिकंदराबादलाच पोहोचते. पण त्या वेळी ही लाईन अजून झालेली नव्हती.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी अल्मोडा येथे झाला. साल पाहा, बंड पेटले होते आणि वडील हिंदुस्थानच्या इंग्रजी सैन्यात अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात आले. मुलाचा ओढा चित्रकलेकडे, काव्याकडे, संगीताकडे. वडिलांची इच्छा त्याने डॉक्टर व्हावे. वडिलांची इच्छा चालली. (हे आपल्याही घरोघरी चालते, म्हणून मुद्दाम लिहिले.) लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात ते शिकले, पण मन अभ्यासात नव्हते. एक परीक्षा पास झाले, दुसरीत नापास झाले. काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून काम केले व पुन्हा बसून ती परीक्षा दिली. 1881 मध्ये ते हिंदी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. मद्रास, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्या होत राहिल्या. रिकाम्या वेळात ते कादंबऱ्या व कविता लिहीत आणि गणित स्वतःचे स्वतः शिकत. हे गणित पुढे कामास आले, ते ओघाने येईलच.

त्या काळी हिवताप हा दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने होतो असे समजत. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. 1880 मध्ये अल्जीरियात लाव्हराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने रुग्णाच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी पाहिला. रक्तातील तांबड्या पेशीत शिरून तो तिथेच वाढतो, आणि त्याच्या अंगात काळसर रंगाचे कण दिसतात. हे काळे कण, वाचकहो, ध्यानात ठेवावेत. सगळी कथा त्यांच्याभोवती फिरते.

गंमत अशी की रॉस यांचा आरंभी लाव्हराँवर विश्वासच नव्हता. हिवतापाचे मूळ आतड्यात आहे असे ते मानीत व तसे लेखही त्यांनी प्रसिद्ध केले होते. 1894 मध्ये रजेवर लंडनला गेले असता डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवून परजीवी प्रत्यक्ष दाखविला. रॉस यांनी आपले मत तिथल्या तिथे सोडले. छापून आलेले स्वतःचे मत सोडणे किती जड जाते, हे शिक्षकी पेशात राहून मला चांगले ठाऊक आहे.

मॅन्सन यांचा तर्क होता की हा परजीवी डासाच्या पोटात जात असावा. इथपर्यंत तर्क बरोबर होता. पुढे मात्र त्यांना वाटे की डास पाण्यात मरतो, परजीवी पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्यास ताप येतो. डास आयुष्यात एकदाच रक्त पितो, अशी त्यांची समजूत होती. हा अर्धा बरोबर, अर्धा चुकीचा तर्क घेऊन रॉस मार्च 1895 मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले. सामान कस्टममधून सुटण्याची वाट न पाहता ते मुंबईच्या सिव्हिल हॉस्पिटलात हिवतापाचे रुग्ण शोधावयास गेले, असे सांगतात. तेथून ते सिकंदराबादेस आपल्या पलटणीत रुजू झाले.

आता त्या कामाचे स्वरूप पाहा. रुग्णाला मच्छरदाणीत निजवायचे, आत डास सोडायचे, रक्त पिऊन फुगलेले डास बाटलीत पकडायचे, काही दिवस जगवायचे आणि मग एकेक चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. अब्दुल कादर नावाच्या रुग्णाच्या रक्तात अर्धचंद्राच्या आकाराचे परजीवी भरपूर होते. 1895 मध्ये त्याच्यावर सोडलेल्या डासांच्या पोटात हे अर्धचंद्र रूप बदलतात, एवढे रॉस यांना दिसले. पुढे वाट बंद. मॅन्सन यांच्या म्हणण्याप्रमाणे मेलेल्या डासांचे पाणी काही माणसांना पैसे देऊन पाजण्याचाही प्रयोग झाला. त्यातून काही सिद्ध झाले नाही. असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही व करूही नये. त्या काळी गोऱ्या डॉक्टरला कोणी जाब विचारीत नव्हते, हेही या कथेचाच भाग आहे.

मध्येच त्यांना पटकीच्या साथीवर बंगलोरला धाडण्यात आले. दोन वर्षे अशीच गेली. 1897 च्या उन्हाळ्यात निलगिरीच्या सिगूर घाटात त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. जूनमध्ये ते सिकंदराबादेस परतले. एवढे दिवस उत्तर का सापडत नव्हते? कारण साधे होते, पण ते कोणालाच ठाऊक नव्हते. डासांच्या अनेक जाती आहेत, आणि ते तपासत होते ते करडे व पट्टेरी डास माणसाचा हिवताप वाहूनच नेत नाहीत. हजार डास चिरले तरी त्यांत काही मिळणार नव्हते.

ऑगस्ट 1897 च्या मध्यावर त्यांच्या एका देशी मदतनीसाने बाटलीभर अळ्या आणून दिल्या. त्यांतून निघालेल्या डासांच्या पंखांवर ठिपके होते. हाच तो अॅनॉफिलिस. 16 ऑगस्टला हुसेन खान नावाच्या रुग्णास मच्छरदाणीत निजवून हे डास त्याच्यावर सोडले. चावलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा, असा दर ठरला होता. जगातील वैद्यकशास्त्राला कलाटणी देणारे रक्त आण्याच्या भावाने विकत घेतले गेले! हुसेन खान ना शास्त्रज्ञ, ना डॉक्टर. तापाने फणफणलेला एक गरीब माणूस. पण रॉस यांनी त्याचे नाव नोंदवून ठेवले, म्हणून सव्वाशे वर्षांनंतर ते आपण वाचीत आहोत.

20 ऑगस्टचा दिवस उजाडला. बेगमपेठच्या लष्करी दवाखान्यातील लहानशी खोली. उकाडा असह्य. पंखा हलवावा तर डास उडून जाणार, म्हणून पंखा बंद. चिलटे डोळ्यांभोवती घोंघावत होती. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू कपाळाच्या व हाताच्या घामाने गंजलेले, आणि उरलेल्या एकुलत्या एका नेत्रभिंगाला तडा गेलेला. हुसेन खानला चावलेले थोडेच डास आता शिल्लक होते. दुपारी एकाच्या सुमारास रॉस यांनी त्यांतील एक चिरला. सारे शरीर धुंडाळून झाले, काही नाही. फक्त जठर राहिले. ते कंटाळले होते, डोळे शिणले होते. तरी जठराची भित्तिका त्यांनी कणाकणाने तपासली. तेथे एक वाटोळी, स्वच्छ कडेची पेशी दिसली. मग दुसरी, तिसरी. डासाच्या जठराच्या पेशी तशा नसतात. आणि त्या पेशींच्या आत काळे कण होते, रुग्णाच्या रक्तातील परजीवीत असतात तेच!

दुसऱ्या दिवशी शिल्लक डासांपैकी आणखी एक चिरला. त्यातही त्या पेशी होत्या आणि आदल्या दिवसापेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे त्या जिवंत होत्या व वाढत होत्या. माणसाच्या रक्तातला परजीवी डासाच्या पोटात घर करतो, हे नक्की झाले. त्या काळ्या कणांची खूण नसती तर त्या पेशींकडे पाहूनही काही कळले नसते.

आता काम पुरे करायला थोडा अवधी हवा होता. सरकारने काय केले? सप्टेंबरमध्ये त्यांची बदली केली, आणि तीही राजपुतान्यातील खेरवाडा येथे, जिथे हिवतापाचे रुग्णच मिळेनात. बऱ्याच खटपटीनंतर फेब्रुवारी 1898 मध्ये त्यांना कलकत्त्यास संशोधनासाठी नेमण्यात आले. तेथे निराळीच अडचण. प्लेगच्या लसीमुळे शहरात घबराट पसरली होती. सुई दिसली की लोक पळत. बोटातून थेंबभर रक्त द्यावयासही माणसे तयार होईनात. तेव्हा रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळविला. चिमण्यांनाही असाच एक परजीवी होतो. या कामात महंमद बक्ष नावाचा मदतनीस त्यांचा उजवा हात ठरला. डास व पक्षी पकडणे, त्यांना जगविणे, रात्री पक्ष्यांवर डास सोडणे, हे काम तो जिवापाड करी.

जुलै 1898 मध्ये उत्तर हाती आले. डासाच्या जठरावरील पेशी पिकून फुटतात, त्यांतून सुईसारखे बारीक असंख्य जंतू निघतात आणि ते डासाच्या लाळग्रंथीत जमतात. पुढच्या दंशाबरोबर ते नव्या शरीरात शिरतात. पाणी पिण्याचा काहीही संबंध नाही. 28 निरोगी चिमण्यांना असे डास चावू दिले, त्यांतील 22 आजारी पडल्या. त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसातील चक्र अॅनॉफिलिस डासातून पुरे करून दाखविले.

1899 मध्ये रॉस नोकरी सोडून लिव्हरपूलला गेले व तेथे शिकवू लागले. 1902 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले. हिंदुस्थानात जन्मलेले ते पहिले नोबेल मानकरी. श्रेयावरून ग्रासी यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, तो वर्षानुवर्षे चालला आणि दोघांनाही शोभला नाही. रॉस स्वभावाने तापट व मानी होते, हे लपविण्यात अर्थ नाही. पण तोच मनुष्य दुसऱ्याच्या अन्यायासाठीही उभा राही. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिन यांच्यावर पंजाबातील मुलकोवाल येथील मृत्यूंचा नाहक ठपका आला, तेव्हा 1907 मध्ये त्यांच्या बाजूने जाहीरपणे लिहिणाऱ्यांत रॉस आघाडीवर होते.

गणिताचे सांगायचे राहिले. 1910 मध्ये त्यांनी हिवतापाच्या प्रतिबंधावर मोठा ग्रंथ लिहिला. गावातील शेवटचा डास मारल्याशिवाय रोग हटणार नाही, मग हे श्रम कशाला, असे लोक म्हणत. रॉस यांनी समीकरणे मांडून दाखविले की तसे नाही. एक रुग्ण बरा होईपर्यंत त्याच्यापासून सरासरी एकापेक्षा कमी माणसांस लागण होईल इतके डास घटले, की रोग आपोआप ओसरत जातो. कोरोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून साथीचे जे गणित आपण रोज वाचीत होतो, त्याचे एक मूळ या पुस्तकात आहे. 1953 मध्ये आपल्या सरकारने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख दगावत, असा अंदाज दिला जातो. घरोघर फवारणी झाली, आणि साठीच्या दशकाच्या प्रारंभी ही संख्या लाखाच्या आसपास उतरली. नंतर ढिलाई झाली व रोग पुन्हा वर आला, हेही खरे.

1911 मध्ये रॉस यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. उतारवयात पैशाची चणचण होती. आपली कागदपत्रेही त्यांना विकावी लागली. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

आता त्या काळ्या कणांकडे पुन्हा वळू. परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरलेला लोहयुक्त भाग त्याला विषासारखा असतो, म्हणून त्याचे तो निरुपद्रवी स्फटिक बनवितो. याला हिमोझॉइन म्हणतात. क्लोरोक्विनची गोळी नेमके हे स्फटिक बनणे अडवते व परजीवी आपल्याच विषाने मरतो. निरोगी रक्तात हे स्फटिक नसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला : रक्त न काढता, कातडीवरूनच प्रकाशाने हे कण ओळखता येतील काय? लेसर म्हणजे एकाच रंगाचा, नेमका एका जागी नेता येणारा प्रकाश. त्याचा अतिशय अल्पकाळ टिकणारा झोत नसेवर टाकला तर काळा कण तो शोषून एकदम तापतो. 2014 मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की अशा कणाभोवती वाफेचा सूक्ष्म बुडबुडा उठून फुटतो, आणि त्याचा आवाज यंत्राला टिपता येतो. 2024 मध्ये आर्कान्सा व येल येथील संशोधकांनी आफ्रिकेतील कॅमेरून देशात वीस रुग्णांच्या हातावरील नसेवर लेसरचे दुसरे एक यंत्र ठेवून सुईविना हिवताप ओळखल्याचे प्रसिद्ध केले. वीस रुग्ण म्हणजे आरंभच आहे. असे यंत्र आपल्या आरोग्य केंद्रात आलेले नाही, तोवर काचपट्टी आहेच. पण कलकत्त्यात सुईला भिऊन पळणारी माणसे आठवली म्हणजे या खटपटीचे मोल कळते. रॉस यांनी तडा गेलेल्या भिंगातून जो कण पाहिला, तोच कण आता लेसरने ऐकला जात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, कधी हैदराबादला जाणे झाले तर बेगमपेठला जुन्या विमानतळाजवळ चौकशी करा. 20 ऑगस्ट 1897 ची ती इमारत अजून उभी आहे. उस्मानिया विद्यापीठाने तेथे रॉस यांच्या नावाने परजीवीशास्त्राची संस्था चालविली.