‘सेल्फ’चा जनक : चार्ल्स केटरिंग

डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, सिग्नलला बंद केलेली गाडी हिरवा दिवा दिसताच क्षणात सुरू होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र त्यासाठी गाडीसमोर उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, की मनगटच मोडे. या जाचातून वाहनचालकांची सुटका केली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने.

अमेरिकेतील ओहायो राज्यात एका शेतकरी कुटुंबात २९ ऑगस्ट १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचे शिक्षण खंडित झाले. काही काळ टेलिफोनच्या तारा टाकण्याचे काम करून त्यांनी १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पुढे दुकानांतील कॅश रजिस्टरला विजेची मोटार बसविताना त्यांना एक मर्म उमगले : मोटार क्षणभरच चालणार असेल, तर लहान मोटारीकडूनही क्षमतेपलीकडचे काम करून घेता येते.

इंजिन फिरविण्याजोगी मोटार गाडीत मावणार नाही, असा तेव्हा समज होता. केटरिंग यांनी १९११ मध्ये तो खोटा ठरविला. कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत त्यांचा सेल्फ स्टार्टर बसला. अंगमेहनत सरल्याने महिलांनाही मोटार चालविणे सुकर झाले.

आजच्या गाड्यांत चावी फिरविताच सोलेनॉइडमार्फत बॅटरीचा प्रचंड प्रवाह मोटारीकडे जातो. त्याच वेळी मोटारीचे छोटे दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते व इंजिन फिरविते. इंजिनाने पेट घेतला, की ते मागे हटते. हे काम काही सेकंदांचेच; म्हणूनच ‘सेल्फ’ सतत मारत राहिल्यास मोटार तापून जळते.

केटरिंग यांच्या कीर्तीला एक काळी किनारही आहे. जनरल मोटर्समध्ये ते संशोधनप्रमुख असताना, १९२१ मध्ये, त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा मार्ग शोधला. इंजिनाचा ठोका थांबला. पण शिशाचे विष अनेक दशके शहरांच्या हवेत मिसळत राहिले. भारतात असे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले.

केटरिंग यांचे २५ नोव्हेंबर १९५८ रोजी निधन झाले. हँडल इतिहासजमा झाले. गॅरेजमधील मिस्त्रींच्या तोंडी ‘सेल्फ’ हा शब्द मात्र रुळला आहे.